बोट न टोचता साखर दाखवणारं घड्याळ: प्रकाशाला साखर खरंच दिसते का?

अबोली_क

आईला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. बोट टोचून टोचून ती कंटाळली आहे. महिन्यापूर्वी भावाने तिला एक मनगटी घड्याळ आणून दिलं. मागच्या बाजूला हिरवा आणि लाल दिवा लुकलुकतो, मिनिटभर हात स्थिर ठेवला की 'रक्तशर्करा' म्हणून आकडा येतो. सुई नाही, स्ट्रिप नाही. आई खूश.

मी आठवडाभर आकडे लिहून ठेवले. सकाळी उपाशीपोटी ९८ ते १०४, दुपारच्या जेवणानंतर १३०च्या आसपास, रात्री ११०. इतके गुणी आकडे आईचे कधीच नव्हते, तिथेच पाल चुकचुकली. काल जेवणानंतर जुना ग्लुकोमीटर काढला. तो म्हणाला २१२, घड्याळ म्हणालं १३१.

भावाचं म्हणणं, "बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन कळतो, मग साखर का नाही कळणार? मीटरच जुना झाला असेल." मला उत्तर सुचलं नाही. जाणकारांनी सांगा: प्रकाशाने साखर मोजता येते का? येत असेल तर हे घड्याळ का चुकतंय? आणि येत नसेल तर यावर एवढं संशोधन कशाला चाललंय?

टोचणीबहाद्दर

बाकी चर्चा होईलच, आधी कामाचं. त्या घड्याळाच्या आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन कमीजास्त करू नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता: त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही, असली उपकरणं वापरू नका. कुठल्या एका कंपनीबद्दल नव्हे, सरसकट.

काही घड्याळं दंडावरच्या सेन्सरचा आकडा फक्त दाखवतात, ती गोष्ट वेगळी. तिथे मोजणारा दुसराच असतो, घड्याळ नुसता निरोप्या.

मी टाइप १, टोचून घेण्याचा अनुभव २३ वर्षं.

वाचनमात्र

भावाचा प्रश्न मलाही पडला होता. ऑक्सिमीटर चालतो तर हे का नाही? बैठक मारली आहे.

प्रकाशवेडा

माझा बराच काळ प्रकाशतंतूंच्या सेन्सरवर गेला आहे, तेव्हा थोडं विस्ताराने लिहितो.

अबोली, भावाला एक प्रयोग करायला सांगा. दोन पेले पाणी घ्या, एकात ग्लुकोज विरघळवा आणि कुठल्या पेल्यात ग्लुकोज आहे ते नुसतं बघून ओळखा. नाही ओळखता येणार. ग्लुकोजला रंग नाही. हिरव्या किंवा लाल प्रकाशातला कुठलाच भाग ते गिळत नाही. हिमोग्लोबिनचं तसं नाही. ते आधीच रंगीत, आणि ऑक्सिजन चिकटला की त्याचा रंग बदलतो. ऑक्सिमीटर ऑक्सिजन बघतच नाही, तो हिमोग्लोबिनचा रंग बघतो: एकदा ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशात, एकदा ९४०च्या, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात.

त्यातही खरी हुशारी जपानच्या ताकुओ आओयागी यांची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं की नाडीबरोबर प्रकाशाचा जेवढा भाग हेलकावतो तेवढाच धमनीतल्या रक्ताचा, बाकी सगळा त्वचा, हाड, चरबी, शिरा यांचा. हेलकावणारा भाग वेगळा काढला की बोटाची जाडी आपोआप गळून पडते. पण ही युक्ती चालली कारण मोजायचा पदार्थ भरपूर होता आणि रंगीत होता. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन साधारण १५ ग्रॅम, ग्लुकोज साधारण ०.१ ग्रॅम. दीडशेपट फरक, त्यात हे बेरंगी.

अवरक्त प्रकाशात पुढे गेलं की ग्लुकोज दिसायला लागतं, हे खरं. १६०० नॅनोमीटरच्या आसपास आणि २१०० ते २३०० दरम्यान त्याचे फिकट पट्टे आहेत. पण १४५० आणि १९४०ला पाण्याचे दांडगे पट्टे, त्यांच्या मधल्या फटीतून डोकवायचं. शरीरात ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे साधारण दहा हजार रेणू असतात. चरबी आणि प्रथिनांचे पट्टेही त्याच भागात. भरल्या जत्रेत एकच माणूस कुजबुजतोय आणि त्याचा आवाज किती वाढला ते आपल्याला सांगायचंय, अशी गत.

आता घड्याळाकडे या. त्याच्या मागचा प्रकाशग्राहक बहुतेक सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढचं काही दिसत नाही. १६०० बघायचं तर इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा महागडा ग्राहक लागतो. हिरवा-लाल दिवा आणि सिलिकॉनचा डोळा एवढ्यावर साखर मोजली असं कोणी म्हणत असेल, तर तो आकडा प्रकाशातून आलेला नाही. कुठून आला हे कंपनीलाच माहीत.

वाचनमात्र

दोन पेल्यांचा दाखला मस्त. प्रतिसाद साठवून ठेवला.

पॅथकट्टा

प्रयोगशाळेत मधुमेहाच्याच नळ्या हाताळते, म्हणून एक भर.

घरी साखर मोजायची पहिली यंत्रं प्रकाशावरच चालायची! १९६० च्या दशकात कागदी पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पाण्याने धुऊन टाकायचा आणि निळ्या रंगाची छटा तक्त्याशी ताडून बघायची. १९७० मध्ये ती छटा वाचणारं यंत्र आलं, एक किलोहून जड. पट्टीवर प्रकाश टाकायचा, परतलेला मोजायचा. पट्टीतलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजवर काम करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते रंगद्रव्याला रंग चढवतं.

म्हणजे बेरंगी साखरेला आधी रसायनाने रंगवायचं, मग प्रकाशाने वाचायचं. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्युत-रासायनिक स्ट्रिप आल्या, रंगाऐवजी विजेचा प्रवाह मोजणाऱ्या. लहान थेंब, पुसणं-धुणं नाही, लेन्स घाण होण्याची भानगड नाही. प्रकाशवाले मागे पडले.

नवजात बाळाच्या कावीळीचं उदाहरण मात्र उलट बाजूचं. बिलिरुबिन पिवळं असतं, ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं. कपाळावर किंवा छातीवर यंत्र टेकवलं की अंदाज मिळतो. आकडा काळजीचा निघाला तर रक्त काढतोच, पण टाचेच्या कितीतरी टोचण्या वाचतात.

निरुत्तर

प्रकाशवेडा, सगळं मान्य. पण मी विदा-विश्लेषणात काम करतो आणि मला वाटतं तुम्ही थोडे जुन्या चष्म्यातून बघताय. कुजबुज ऐकू येत नसेल तरी हजारो लोकांचे प्रकाशाचे नमुने आणि त्याच वेळची टोचून मोजलेली साखर मशीन लर्निंगला खायला घाला. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा नमुना ते शोधेल. चेहरे ओळखतात, आवाज ओळखतात, इथेच काय अडतं?

प्रकाशवेडा

निरुत्तर, ज्या खड्ड्यात तुम्ही उतरताय त्यात बरीच मंडळी पूर्वी पडून गेली आहेत.

१९९८ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या मार्क अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी एक खट्याळ काम केलं. त्वचेतून येतील तसे अवरक्त वर्णपट (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती, याचे आलेख) बनवले, पण त्यांत ग्लुकोजची माहितीच घातली नाही. शून्य. मग ते वर्णपट ग्लुकोज प्यायल्यावर साखर जशी चढते-उतरते तशा आकड्यांशी जोडले आणि नेहमीच्या पद्धतीने गणिती प्रारूप तयार केलं. प्रारूपाने साखर 'ओळखली', आकडेही छान जुळले!

कारण असं की अशा चाचणीत साखर वेळेनुसार चढते आणि उतरते. त्याच वेळात यंत्र तापत असतं, त्वचेचं तापमान सरकत असतं, घाम येत असतो. वेळेबरोबर सरकणारी कुठलीही गोष्ट प्रारूप पकडतं आणि तिलाच साखर म्हणतं. सिग्नलमध्ये माहिती असेल तर यंत्र ती शोधेल, नसेल तर दुसरंच काहीतरी शोधून देईल, आणि तेही आत्मविश्वासाने. चेहऱ्याच्या फोटोत चेहरा असतो हो.

अबोली, सकाळी १००, जेवणानंतर १३०, रात्री ११० हे तुमचे आकडे वाचून मला हाच प्रयोग आठवला.

निरुत्तर

हे माहीत नव्हतं. माझ्या क्षेत्रात याला उत्तरपत्रिका आधीच फुटणं म्हणतात. शब्द मागे घेतो. पण अर्धाच! सिग्नलमध्ये माहिती असेल तर विश्लेषण उपयोगी, एवढं तरी ठेवा.

प्रकाशवेडा

एवढं कशाला, पूर्ण ठेवा. रामन पद्धतीत तुमचंच काम लागतं.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलं की रेणूवर आपटून परतणाऱ्या प्रकाशाचा अगदी नगण्य भाग आपली तरंगलांबी बदलून येतो आणि तो बदल त्या रेणूच्या बोटाच्या ठशासारखा असतो. ग्लुकोजचा ठसा ठळक आहे. अडचण एवढीच की बदलून परतणारे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, कोटीत एखादा, आणि त्याच वेळी त्वचा स्वतः चमकून सगळं झाकोळून टाकते. २०२० मध्ये एमआयटीच्या गटाने जिवंत डुकराच्या त्वचेतून ग्लुकोजचा ठसा थेट दिसल्याचं प्रसिद्ध केलं. नुसतं प्रारूप जुळलं म्हणून नव्हे, ठसाच दिसला. माझ्या दृष्टीने ती मोठी गोष्ट. पण त्यासाठी लेझर, वर्णपटमापक आणि हलू न देता धरलेली त्वचा लागते. ते मनगटावर मावेल तेव्हा मावेल.

सूक्ष्मदर्शी

एमएस्सीला आहे, प्रकल्प सिलिकॉन नायट्राइडच्या सूक्ष्म कड्यांवर. इथे सगळे त्वचेबाहेरून बघण्याबद्दल बोलतायत, पण चिपवरच्या प्रकाशाबद्दल कोणीच नाही.

थोडक्यात: चिपवर केसाच्या जाडीच्या आसपास रुंदीची एक कडी कोरलेली असते. तिच्यात प्रकाश गोल गोल फिरतो. ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश कडीत 'बसतो', म्हणजे एका फेरीत पूर्ण लाटांची संख्या नेमकी भरली तर. प्रकाशाचा थोडासा भाग कडीच्या बाहेर, शे-दोनशे नॅनोमीटरपर्यंत, सांडलेला असतो. त्या सांडलेल्या भागात काही येऊन चिकटलं की तिथला अपवर्तनांक (प्रकाश त्या पदार्थात किती मंदावतो त्याचं माप) बदलतो आणि बसणारी तरंगलांबी किंचित सरकते. ती सरक मोजायची. एका चिपवर अशा डझनावारी कड्या मावतात.

प्रश्न असा: हीच चिप सुईच्या टोकावर बसवून त्वचेखाली घातली तर ग्लुकोज सरळ नाही का मोजता येणार? मार्गदर्शक म्हणतात "आधी तापमानाचा हिशोब कर", आणि मी तो टाळतोय.

प्रकाशवेडा

तुमचे मार्गदर्शक बरोबर जागी बोट ठेवतायत. टाळू नका, इथेच करून टाकू.

१०० मिलिलिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज विरघळवलं तर अपवर्तनांक सुमारे ०.०००१४ ने वाढतो. आणि पाण्याचं तापमान एक अंशाने वाढलं तर अपवर्तनांक सुमारे ०.०००१ ने घटतो. म्हणजे रुग्ण उन्हातून सावलीत आला, त्वचेखाली एक अंश उतरला, तर तुमची कडी सांगेल की साखर ७० ने वाढली!

यावर उपाय आहे. शेजारी दुसरी कडी झाकून ठेवायची, तिला फक्त तापमान कळेल, मग वजाबाकी. सगळेच करतात. पण दुसरं दुखणं वजाबाकीने जात नाही. कडीला फक्त 'काहीतरी आलं' एवढं कळतं, कोण आलं ते नाही. मीठ वाढलं, प्रथिनं चिकटली, सगळं सारखंच. म्हणून पृष्ठभागावर पकडणारा रेणू बसवावा लागतो. प्रतिपिंड (अँटिबॉडी, ठरावीक रेणूलाच पकडणारं प्रथिन) बसवला तर त्याचं प्रथिन तेवढं अडकतं. तिथे हे सेन्सर झकास चालतात, कारण अडकणारा पाहुणा अंगाने मोठा असतो. प्रतिपिंडासारखं प्रथिन दीड लाख डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), ग्लुकोज १८० डाल्टनचं. दारावरच्या घंटीला हत्ती कळतो, मुंगी नाही.

सोन्याच्या पातळ थरावरच्या प्लाझ्मॉन पद्धतीचंही (प्रकाशाने सोन्यातले इलेक्ट्रॉन एकत्र डोलवायचे आणि पृष्ठभागावर काही चिकटलं की होणारा बदल टिपायचा) असंच. १९८३ मध्ये स्वीडनमधल्या लीडबर्ग, निलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी ती जैविक मोजणीला वापरून दाखवली, १९९० पासून यंत्रं बाजारात आली. औषध प्रथिनाला किती घट्ट चिकटतं हे बघायला प्रयोगशाळांत ती मुरलेली आहे. साखर मोजायला सहसा कोणी नेत नाही.

तेव्हा प्रकल्प करा, पण लक्ष्य बदलता आलं तर बघा. हृदयविकारात वाढणारं ट्रोपोनिन किंवा दाह दाखवणारं सीआरपी. तिथे कडीचं चीज होईल.

पॅथकट्टा

अवांतर: घरगुती गर्भचाचणीची लाल रेघ म्हणजे बहुतेक वेळा सोन्याचे नॅनोकण! सोनं इतकं बारीक झालं की लाल दिसतं, हे फॅरेडेने १८५७ मध्येच अभ्यासलं होतं. प्रतिपिंड लावलेले कण रेघेवर अडकतात आणि ती उमटते. बहुधा जगातला सगळ्यात जास्त खपणारा प्लाझ्मॉन सेन्सर, बॅटरीसुद्धा नाही.

टोचणीबहाद्दर

मग प्रकाश आणि साखर यांचं जमलंच नाही म्हणायचं का? तसं नाही. त्वचेखाली बसवायचा एक प्रकाशीय सेन्सर खरोखर मान्यताप्राप्त आहे, एव्हरसेन्स नावाचा. जून २०१८ मध्ये एफडीएने ९० दिवसांसाठी मंजूर केला, नंतर १८० झाले, सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षभर टिकणाऱ्यालाही मान्यता मिळाली. मी वापरलेला नाही, माझा दंडावर चिकटवायचा विद्युत-रासायनिक आहे. आत नेमकं काय चालतं ते प्रकाशवेडा यांनी सांगावं.

प्रकाशवेडा

वाट बघत होतो कोणी विचारतंय का.

औषधाच्या कॅप्सूलसारखी बारीक नळी, लांबी दोन सेंटिमीटरच्या आत. डॉक्टर दंडाला छोटा छेद देऊन त्वचेखाली सरकवतात. आत एलईडी, प्रकाशग्राहक आणि चिप. बॅटरी नाही. त्वचेवर चिकटवलेला ट्रान्समीटर बाहेरून चुंबकीय क्षेत्राने ऊर्जा पुरवतो आणि आकडे घेतो.

नळीवर जेलसारख्या बहुलकाचा (पॉलिमरचा) थर आहे आणि त्यात बोरॉनिक आम्लाचा गट असलेला रेणू बांधलेला आहे. बोरॉनिक आम्लाला शेजारीशेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल गट पकडायला आवडतं आणि ग्लुकोजकडे ते आहेत. ग्लुकोज नसताना या रेणूतला एक इलेक्ट्रॉन चमक दाबून ठेवतो. ग्लुकोज बसलं की तो इलेक्ट्रॉन अडकतो आणि रेणू अतिनील प्रकाशाखाली निळसर चमकायला लागतो. ग्लुकोज निघून गेलं की पुन्हा मंद. काहीच खर्च होत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला फार आवडतो. विकरावर चालणाऱ्या सेन्सरला ग्लुकोज जाळायला ऑक्सिजन किंवा त्याच्या जागी दुसरं काहीतरी लागतं, आणि ऊतींत ऑक्सिजन ग्लुकोजपेक्षा कितीतरी कमी. शिवाय विकर म्हणजे प्रथिन, ते दिवसांगणिक थकतं. बोरॉनिक आम्ल थकत नाही असं नाही, शरीरातले ऑक्सिडीकारक त्यालाही हळूहळू खातात, पण आठवड्यांऐवजी महिने चालतं.

शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंची भिंत उभारतं, ती रोखायला नळीवर डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या औषधाचं कडं असतं, त्यातून औषध थोडं थोडं झिरपतं. आणि टेट्रासायक्लीन गटातली प्रतिजैविकं घेतली तर आकडा खोटा कमी दाखवू शकतो, असा इशारा वापराच्या सूचनांत आहे. बोट टोचून मधूनमधून जुळवणी करावी लागते. म्हणजे सुई पूर्ण सुटली नाहीच.

पॅथकट्टा म्हणाल्या तेच इथेही आहे. बेरंगी साखरेसाठी रंगीत मध्यस्थ ठेवायचा आणि प्रकाशाने मध्यस्थाकडे बघायचं. १९७० चं किलोभर यंत्र आणि ही कॅप्सूल, कल्पना एकच. नुसत्या प्रकाशाने, मध्यस्थाशिवाय, साखर मोजायला निघालेले रस्ते अजून प्रयोगशाळेच्या दारातच आहेत.

वाचनमात्र

आणि ते डोळ्यात घालायचं भिंग? गूगलने काढलं होतं ना, तेही प्रकाशावर चालायचं का?

प्रकाशवेडा

नाही, २०१४ मध्ये जाहीर झालेलं ते भिंग विद्युत-रासायनिक होतं, अश्रूंतली साखर मोजणारं. २०१८ च्या अखेरीस काम थांबवलं. अश्रूतली आणि रक्तातली साखर भरवशाने जुळली नाही.

डोळ्यातून प्रकाशाने मोजायची कल्पना वेगळी आणि फार देखणी आहे. ग्लुकोज ध्रुवीकृत (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल फिरवतं, आणि पारपटलामागचं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागचं) पाणी स्वच्छ असतं. पण १०० मिलिग्रॅमच्या साखरेला एक सेंटिमीटर अंतरात प्रतल फिरतं अंशाच्या दोनशेव्या भागाइतकं, आणि डोळा हलला की पारपटल स्वतःच त्याहून जास्त फिरवतं. कागदावर सुंदर, डोळ्यावर अवघड.

टोचणीबहाद्दर

अबोली, घड्याळाचा निकाल लावायचाय? प्रकाशवेडा यांनी उत्तर देऊनच ठेवलंय. घड्याळ साखर बघतंय की वेळ, एवढं तपासा. फोनमधली वेळ पुढे करा, घड्याळ जोडून घ्या, आईंना काही खायला न देता मोजा. आणि सोबत मीटरने बोटही टोचा, एकदाच.

अबोली_क

केलं. भावासमोरच केलं.

सकाळी सात, आई उपाशी. मीटर १४३. घड्याळ १०१. मग फोनची वेळ दुपारी अडीच केली आणि घड्याळ जोडलं. आई तिथेच खुर्चीवर, पाण्याचा घोटही घेतलेला नाही. घड्याळ १२९. मीटर १४१. वेळ रात्री दहा केली, घड्याळ १०९. मग भावाने स्वतःच्या हाताला बांधून अडीचचं पाहिलं. १२८.

तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ऑक्सिजन तरी बरोबर दाखवतं का हे?"

पॅथकट्टा

त्या घड्याळाचा ऑक्सिजनही मी मानणार नाही. बोटाचा वैद्यकीय ऑक्सिमीटरसुद्धा काळ्या त्वचेवर कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो, २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासात हे ठळकपणे पुढे आलं. मग मनगटावरच्या खेळण्याचं काय घ्या.

आईंचा उपाशीपोटी १४३ आणि जेवणानंतर २१२ हे मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. महिनाभर घड्याळ बघून त्यांनी औषध चुकवलं नाहीये ना?

अबोली_क

रात्रीची गोळी तिने तीन आठवड्यांपासून बंद केली होती. "घड्याळात तर १०९ येतंय" म्हणून. आत्ता विचारल्यावर सांगितलं. उद्या सकाळची वेळ घेतली आहे डॉक्टरांची. वही आणि घड्याळ दोन्ही घेऊन जातेय, आणि दंडावरच्या सेन्सरचंही विचारते.